लवूमामाचा पूर्ण पत्ता

मीरा रोड,
१२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. लवूमामास,
साष्टांग नमस्कार.

गणपतीला आले नाही म्हणून तू रागावला असशील. कारण सांगते. मला नोकरी लागलीय. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर सांगायला बंदी आहे. आमच्या ऑफिसात नियमांचं एक जाडं पुस्तक आहे. घरच्यांना ऑफिसबद्दल कोणकोणत्या साधनाने कळवायचं नाही, त्याची त्यात यादी आहे. एकूण सत्तेचाळीस साधनं. फोन, व्हॉट्सॲप, ईमेल, ड्रोन, आरशाने कवडसा पाडणं. कबूतरसुद्धा आहे. टपाल तेवढं नाही. यादी करणाऱ्याला टपाल कधीच बंद झालंय असं वाटलं असणार. तुला हे वाचून वाईट वाटेल, पण त्यामुळेच मी तुला लिहू शकतेय.

ऑफिसचं नाव विशेष समन्वय कक्ष. सरकारी आहे आणि गुप्त आहे. कशाचा समन्वय करतात ते मला अजून सांगितलेलं नाही. जागा भाईंदर पश्चिमेला, जितेशभाईंच्या खाखऱ्याच्या दुकानावर, दुसरा मजला. गल्लीतल्या प्रत्येक इमारतीवर दहा-दहा बोर्ड आहेत, आमच्यावर एकही नाही. त्यामुळे शेअर रिक्षावाले खूण म्हणून आमचीच इमारत सांगतात. 'बिना बोर्डवाली बिल्डिंग' म्हटलं की स्टेशनवरून कोणीही आणून सोडतो.

पेपरात जाहिरात होती, 'एका कार्यालयास एक व्यक्ती पाहिजे.' मुलाखतीत मला काही विचारलंच नाही, कारण प्रश्न गोपनीय होते. मी मीरा रोडच्या एका साडीच्या दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळत होते, ते त्यांना आधीच माहीत होतं.

आता इथेही तेच काम आहे. झालं असं की सरकारने एक पाहणी केली. शंभरातल्या सत्त्याण्णव लोकांनी या कक्षाचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. उरलेले तिघे आमच्याच ऑफिसचे निघाले. माझे साहेब म्हणजे क्रमांक तीन (इथे कोणाला नाव नाही, क्रमांक आहेत, मी एकोणतीस). ते सांगत होते की त्या दिवशी अर्ध्या ऑफिसने पेढे वाटले आणि अर्ध्याने मान खाली घातली. मग दिल्लीहून पत्रक आलं की आपण जनतेला आपलेसे वाटलो पाहिजे. म्हणून इन्स्टाग्राम.

अट एवढीच की फोटोत चेहरा, खिडकी, कागद, घड्याळ काही दिसता कामा नये. मग उरली भिंत. पहिली पोस्ट भिंतीची टाकली. तिलाही पाच टेबलांवरून सह्या लागल्या. उत्तनचा कॉन्रॅड म्हणून आमचा शिपाई आहे, तो फाइल घेऊन आठवडाभर फिरत होता. सध्या चौदा फॉलोअर आहेत. तेरा ऑफिसचे, हुकमावरून. चौदावी माझी रूममेट इशिता. तिला वाटलं रंगाची कंपनी आहे.

मामा, आता खरी गोष्ट. माझा करार मार्चअखेरपर्यंत आहे. तोवर दहा हजार फॉलोअर झाले तर मला कायम करणार. नाही झाले तर आईने निक्षून सांगितलंय की गाशा गुंडाळून राजापूरला यायचं आणि काकांचं झेरॉक्सचं दुकान चालवायचं. माझा सगळा जीव इथे आहे. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
आरोही

*

मु. पो. पांगरखोल,
२४ सप्टेंबर २०२४

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सहाव्या दिवशी पोचलं. म्हणजे टपाल बंद झालेलं नाही.

तू चिडू नकोस, पण मला काळजी वाटते. आपल्या बाबाजीच्या नातवाला गेल्या वर्षी विमानतळावर नोकरी लागली होती. गणवेश दिला, गळ्यात ओळखपत्र दिलं, फक्त विमानतळ नव्हता. तुझ्या ऑफिसला नाव आहे पण काम नाही, साहेब आहे पण नाव नाही, इमारत आहे पण बोर्ड नाही. तुझ्या आईला काही बोललो नाही. पण म्हटलं, आपण स्वतः खात्री करावी.

सूनबाईंनी, म्हणजे सुगंधाने, मला तिच्या जुन्या फोनवर खातं उघडून दिलं. तुमची भिंत पाहिली. खाली लिहायची सोय आहे असं ती म्हणाली, म्हणून चार ओळी लिहिल्या. त्याची नक्कल तुझ्या माहितीसाठी:

'आरोही, भिंत पाहिली. रंग बरा आहे. उजवीकडे खाली ओल धरली आहे, वरच्या मजल्याचा नळ तपासून घ्यावा. वेळेवर जेवत जा. — लवू सखाराम घाडी, निवृत्त शाखा डाकपाल, घर क्र. ११२, वरचीवाडी, मु. पो. पांगरखोल, ता. राजापूर, जि. रत्नागिरी, पिन ४१६७९९.'

सुगंधा म्हणाली, एवढा पत्ता कोणी लिहीत नाही. मी बत्तीस वर्षं शाखा डाकपाल होतो. पत्ता घातल्याशिवाय माझ्याच्याने काही लिहून संपवता येत नाही. ती म्हणाली, बरं, राहू दे.

तुझा,
लवूमामा

*

मीरा रोड,
८ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामास सा. न.

तुझी कमेंट वाचून मी हातातला खाखरा खाली टाकला.

ती काढून टाकावी म्हटलं, तर कमेंट काढायलाही पाच सह्या लागतात. ती फाइल दुसऱ्या टेबलावर आहे आणि दुसरं टेबल रजेवर आहे. तोवर तीनशे जणांनी तिला लाइक केलं. ओल मात्र खरी निघाली. साहेबांनी प्लंबर बोलावला. त्याला आतलं काही दिसू नये म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून आणलं. त्यामुळे गळती सापडली नाही.

साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, ही आरोही कोण? कोणालाच माहीत नव्हतं. सगळे मला एकोणतीस म्हणून ओळखतात. माझं नाव ठाऊक आहे फक्त कॉन्रॅडला. तो छताकडे बघत उभा राहिला.

मामा, नियम एकशे बारा असा आहे की कर्मचाऱ्याचं नाव बाहेर फुटलं तर करार त्याच दिवशी संपतो. म्हणजे मी थेट झेरॉक्सच्या दुकानात. तुला लिहायचंच असेल तर लिही, मला बरंही वाटतं. पण माझं नाव, आपलं नातं, गावांची नावं, यातलं काही घालू नकोस. हात जोडते.

आम्ही काल 'शुभ प्रभात' टाकलं. फाइल सकाळी साडेनऊला निघाली होती, सह्या होऊन पोस्ट लागली तेव्हा संध्याकाळचे पाच चाळीस झाले होते.

तुझी,
आरोही

*

मु. पो. पांगरखोल,
२५ ऑक्टोबर २०२४

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं सगळं पाळलं. नाव काढलं, नातं काढलं, गावं काढली. माझा पत्ता काढायला तू सांगितलं नव्हतंस, तो ठेवला. या पंधरवड्यात तीन ठिकाणी लिहिलं. नकला देतो, तपासून घे.

'शुभ प्रभात'च्या खाली: 'सायंकाळी मिळाली. ज्या व्यक्तीस ठाऊक आहे तिला कळावे की कुळथाचे पीठ गुरुवारच्या गाडीने निघाले आहे. पिशवी निळी. नेहमीच्या ठिकाणी उतरवून घेणे.'

रिकाम्या कपाचा फोटो टाकून तुम्ही 'राष्ट्रसेवेत सदैव' असं लिहिलं होतं, त्याखाली: 'कप ओळखला. त्याचा जोड आमच्याकडे सुरक्षित आहे.' हा मी तुला बारावीला दिलेल्या दोन कपांतला एक ना?

आणि पुन्हा भिंतीचाच फोटो आला तेव्हा: 'म्हातारीचा गुडघा बरा आहे. दक्षिणेकडची फांदी पडली. कौले वाचली. पुढील सूचनेची वाट पाहू नये.' शेजारच्या गोदूबाईच्या गुडघ्याची तू मागे चौकशी केली होतीस, आणि फणसाची फांदी पडली तेही कळवायचं होतं. दिवाळीला कोण कधी येणार ते मी तुला सांगेन, तू वाट बघत बसू नकोस, एवढाच शेवटच्या वाक्याचा अर्थ.

खाली सगळीकडे पूर्ण पत्ता घातला आहे. आता तरी कोणाला काही कळायचं नाही.

तुझा,
लवूमामा

*

मीरा रोड,
२० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामास सा. न.

आनंदाची बातमी. आपले एकसष्ट हजार फॉलोअर झाले. दहा हजार तर दिवाळीतच ओलांडले. लोकांना आमच्या पोस्टी आवडायला लागल्यात. दिवाळीच्या शुभेच्छा सह्यांमुळे सोळा नोव्हेंबरला लागल्या, त्याही लोकांनी गोड मानून घेतल्या.

आता दुसरी बातमी. लोक तुझ्या कमेंट ही सांकेतिक भाषा समजतायत. एका वाहिनीवर एका गृहस्थांनी चाळीस मिनिटं निळी पिशवी समजावून सांगितली. 'म्हातारीचा गुडघा' म्हणजे कुठला डोंगर आहे यावर दोघांचं स्टुडिओतच भांडण झालं. दिल्लीहून साहेबांना फोन आला की तुमचा हा नवा माणूस उत्तम काम करतोय. साहेब हो म्हणाले. फोन ठेवला आणि आम्हाला विचारलं, हा माणूस कोण?

एक समिती नेमलीय. समितीचं मत असं की एवढा पूर्ण पत्ता खऱ्या माणसाचा असूच शकत नाही. खरा माणूस 'शाळेच्या मागे' एवढंच लिहितो. घर क्रमांक, वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, सगळं बरोबर लिहिणारा माणूस काहीतरी लपवतोय. म्हणून राजापूर सोडून सगळीकडे शोध चाललाय. सध्या नागपूरपर्यंत पोचलेत.

मला राहवेना. मी सरळ लेखी दिलं की हे माझे मामा आहेत, पत्ता खरा आहे, आणि कुळथाचं पीठ मी खाल्लं. साहेबांनी कागद परत पाठवला. वर शेरा होता, 'कल्पना रंजक. नोंदीत विनोद टाळावेत.' आणि तुला शोधायचं काम माझ्याकडे दिलं, कारण ऑफिसात मी एकटीच रिकामी दिसते.

मी तुला शोधलं तर नोकरी जाते, नाही शोधलं तर काम जमलं नाही असं होतं. तू लिहायचं थांबव असं मात्र मी म्हणत नाही. एकदम थांबलास तर संशय येईल.

तुझी,
आरोही

*

मु. पो. पांगरखोल,
९ जानेवारी २०२५

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

तुमचा माणूस येऊन गेला.

शुक्रवारी दुपारी आला. अंगात कोट, डोक्याला मफलर. आंब्याचा व्यापारी आहे म्हणाला, माल बघायला आलोय. जानेवारीत. झाडाला मोहोर होता, तो त्याने हात लावून बघितला आणि छान पिकलाय म्हणाला. त्याने आधी गोदूबाईला लवू घाडीचं घर विचारलं. तिने हात धरून आमच्या अंगणात आणून उभा केला. दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पाटीखाली मी सुपाऱ्या सोलत बसलो होतो. त्याने मलाच विचारलं, "आजोबा, हा लवू घाडी असा कोणी माणूस खरोखर आहे का?"

मी म्हटलं, मीच तो. तो हसला. मी त्याला पेन्शनचं पुस्तक दाखवलं, आधार कार्ड दाखवलं, निवृत्तीच्या दिवशीचा हारातला फोटो दाखवला. त्याने एकेक कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, इतकं सफाईदार काम मी आजवर पाहिलं नाही. मग जेवला. कुळथाची पिठी दोनदा मागून घेतली. 'हेच ते पीठ का' असं हळूच विचारलं, सुगंधा हो म्हणाली, तर त्याने थोडं कागदात बांधून घेतलं. निघताना वहीत काहीतरी लिहायचं होतं तर त्याचं पेन चालेना. मी माझं दिलं. उलटं वाचायची मला सवय आहे, टपालातली. त्याने लिहिलं, 'सदर पत्त्यावर कोणीही राहत नाही.' खाली सही, 'क्रमांक सात'.

पेन घेऊन गेला.

एक विचारतो. तू लिहिलंस की लोकांना तुमच्या पोस्टी आवडायला लागल्या. सुगंधा म्हणते, पोस्टी कोणी बघत नाही, सगळे खाली मी काय लिहिलं ते वाचायला येतात. खरं काय? मला त्यातलं काही नको. पण मला लिहायला सांगतेस ते माझ्या भाचीला बरं वाटतं म्हणून, की आकड्यासाठी, एवढं कळलं तर बरं. तोवर हात आखडता घेतोय.

तुझा,
लवूमामा

*

मीरा रोड,
४ मार्च २०२५

ती. स्व. मामास सा. न.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण लाज वाटत होती.

सुगंधावहिनी म्हणते ते खरं आहे. लोक तुझ्यासाठीच येतात. तू जानेवारीत लिहायचं थांबलास तर खाली रोज शेकडो लोक 'मामा कुठे आहेत', 'गुडघा कसा आहे' असं विचारतायत (नातं कोणाला माहीत नाही, तरी सगळे तुला मामाच म्हणतात). मला आकडा हवा होता आणि तो माझ्या कामामुळे आलाय असं तुला वाटावं, असंही वाटत होतं. साडीच्या दुकानात मी महिन्याला हजार फॉलोअर आणायचे. इथे सहा महिने भिंतीचे फोटो काढतेय. पण पहिल्यांदा तू 'वेळेवर जेवत जा' लिहिलंस तेव्हा मी घाबरलेही आणि जेवलेही. रागावू नकोस.

आता ऐक, मोठी भानगड झालीय. दोन लाख फॉलोअर बघून दिल्लीने मला कायम करायला मंजुरी दिली. नेमणुकीचं पत्र तयार झालं, पाचही सह्या झाल्या. फक्त ते माझ्या हातात द्यायला बंदी आहे. हातात दिलं तर मी इथे काम करते हे सिद्ध होतं. म्हणून ते टपालानेच पाठवायचं. आणि पाकिटावर माझं नाव-पत्ता लिहायलाही बंदी, त्याच कारणाने. वर नुसती लाखेची मोहोर आणि कक्षाचा शिक्का. आतल्या पत्रातही नाव नाही, नुसतं एकोणतीस.

सतरा फेब्रुवारीला कॉन्रॅडने ते पेटीत टाकलं. मी त्याला म्हटलं, अरे, हे जाणार कुठे? तो म्हणाला, "नाव न्हाय, पत्ता न्हाय, पन शिक्का हाय. जाईल कुटंतरी."

नक्कल काढायची पद्धत नाही. ते मूळ पत्र सही करून २८ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत जमा करायचं. तीसला पाडवा आणि एकतीसला ईद, त्यामुळे तोच शेवटचा कामाचा दिवस. त्यानंतर जागा रद्द. साहेबांना विचारलं तर म्हणाले, आजवर असंच चालत आलंय. आजवर किती जण कायम झाले विचारलं, तर म्हणाले, अजून कोणी नाही.

मामा, तू टपालातला माणूस. पत्ता नसलेलं पत्र कुठे जातं?

तुझी,
आरोही

*

मु. पो. पांगरखोल,
११ मार्च २०२५

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

जेवलीस ते वाचलं, माझा राग गेला. आजपासून पुन्हा लिहायला लागतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर खोटं देता येत नाही. पत्ता नसलेलं पत्र परत जातं. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर ते एका ऑफिसात जातं, तिथे उघडून आत काही सुगावा लागतो का बघतात. सरकारी मोहोर असेल तर ते उघडायला कोणी धजणार नाही. मग ते कोणाच्यातरी कपाटात पडून राहतं. माझ्या बत्तीस वर्षांत अशी अकरा पत्रं आली होती. कोणाचं लग्न असेल, कोणाचं दुखणं असेल. दर सोमवारी ती काढून पुन्हा वाचायचा प्रयत्न करायचो. एकही पोचवू शकलो नाही.

उद्यापासून शिमग्याची गडबड, पालखी आमच्या वाडीत येईल. तुझ्या आईने झेरॉक्सचं मशीन पुसून ठेवलंय असं कळलं. मी तिला म्हटलं, अठ्ठावीसपर्यंत थांब. ती म्हणाली, अठ्ठावीसला काय आहे? मी म्हटलं, मला सांगायला बंदी आहे. ती मला वेडा समजली.

रोज पोस्टमनला विचार. लाज धरू नकोस.

तुझा,
लवूमामा

*

मु. पो. पांगरखोल,
२१ मार्च २०२५

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

काल दुपारी आमचा पोस्टमन आला. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून मला सर म्हणतो. म्हणाला, सर, तुमचं एक विचित्र टपाल आहे.

पाकिटावर नाव नाही, पत्ता नाही. लाखेची मोहोर आणि तुमच्या कक्षाचा शिक्का. महिनाभर फिरून त्याच्या अंगावर सात ठिकाणचे शिक्के बसलेत. सोबत तुमच्याकडच्या टपाल छाननीवाल्याने चिठ्ठी जोडलीय, ती जशीच्या तशी उतरवतो:

'या कार्यालयाचा पत्ता आमच्या कोणत्याही यादीत नाही. कार्यालयाच्या संबंधात पिनसह पूर्ण पत्ता असलेली एकच व्यक्ती आम्हांस ज्ञात आहे. सबब तिकडे रवाना. ता. क. मामा, म्हातारीच्या गुडघ्याचे कळवावे.'

मी पाकीट उघडलेलं नाही, दुसऱ्याचं टपाल मी उघडत नाही. या पत्राबरोबर मोठ्या लिफाफ्यात घालून आजच स्पीडपोस्ट करतोय. राजापूरच्या काउंटरवरच्या मुलीला वर तुझं पूर्ण नाव, इमारत, विंग, मजला, खोली, रस्ता, पिन, सगळं मोठ्या अक्षरात दाखवलं. तिने विचारलं, काका, एवढं कशाला? मी तिला काही सांगितलं नाही. ते लिहिताना तुझ्या आडनावातला, शिवगणमधला, 'ण' वाकडा आलाय. वाचता येईल.

गोदूबाईला तिच्या गुडघ्याची चौकशी झाल्याचं सांगितलं. ती म्हणाली, दुखतोय म्हणून कळव.

तुझा,
लवूमामा

*

मीरा रोड,
२९ मार्च २०२५

ती. स्व. मामास साष्टांग नमस्कार.

लिफाफा गुरुवारी संध्याकाळी मिळाला. पोस्टमनने इशिताकडे दिला, तिने मला फोन केला की तुझ्या रंगाच्या कंपनीचं काहीतरी आलंय. मी नया नगरला ईदची खरेदी बघत फिरत होते. रस्त्यात मिळाली ती पहिली रिक्षा धरून घरी आले.

काल शुक्रवारी चार पन्नासला सही करून पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी आधी घड्याळ बघितलं, मग पाकीट, मग सात शिक्के. मग तुझा मोठा लिफाफा हातात घेतला आणि पाठवणाऱ्याचा पत्ता वाचायला लागले. घर क्रमांकापासून पिनपर्यंत दोनदा वाचला.

मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे हा माणूस खरोखर आहे?"

"मी नोव्हेंबरमध्ये लेखी दिलं होतं, सर," मी म्हटलं.

त्यांनी कपाटातून तुझी फाइल काढली. चार खंड झालेत मामा, पिठाचा तपासणी अहवालसुद्धा आहे. त्यात 'पदार्थ: कुळीथ' एवढंच लिहिलंय आणि खाली 'अधिक नमुना मागवावा'. मी दाराकडे बघत उभी. नियम एकशे बारा माझ्या डोक्यात घण घालत होता. साहेबांनी पेन उचललं. माझ्या लक्षात आलं की तू सापडलास असं लिहिलं, तर चार महिने आख्खा कक्ष पत्ता लिहून देणाऱ्या माणसाला शोधत होता, हेही लिहावं लागणार. ते त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी शेवटच्या पानावर लिहिलं, 'लवूमामा: शोध लागला नाही. लागण्याची शक्यता नाही. फाइल बंद.' आणि माझ्या पत्रावर सही केली. पाचाला दोन मिनिटं कमी होती.

बाहेर कॉन्रॅड उभा होता. म्हणाला, "बोल्लो न्हाय? शिक्का हाय म्हटल्यावर जातंय." आणि खाली जाऊन जितेशभाईंकडून मेथीच्या खाखऱ्याचं पुडकं घेऊन आला. मी कायम झाले, मामा. या कक्षातली पहिली.

आता एकच वाईट बातमी. पाकीट माझ्यापर्यंत पोचल्यामुळे टपाल अजून चालू आहे हे ऑफिसच्या लक्षात आलंय. सोमवारनंतर यादीत अठ्ठेचाळिसावं साधन येतंय. त्यामुळे हे माझं शेवटचं पत्र. तुझी सगळी पत्रं मी जोडीच्या कपाशेजारी ठेवलीत. तू मला कुठे उत्तर द्यायचं ते मात्र तुला माहीत आहे. तिथे लिहायला कोणालाही बंदी नाही. संक्रांतीच्या शुभेच्छांची फाइल काल पाचव्या टेबलावर पोचली, उद्या पाडव्याला पोस्ट लागेल.

तुझी,
आरोही (एकोणतीस, कायम)

*

विशेष समन्वय कक्षाच्या 'मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा' या पोस्टखालील टिप्पणी,
३० मार्च २०२५

तिळगूळ पोचला. सोबत गुढी उभारून घेतली. ज्या व्यक्तीस ठाऊक आहे तिला कळावे की तिच्या मातोश्रींना सांगितले, त्या शेजारी साखर वाटून आल्या. झेरॉक्सच्या दुकानात बाबाजीचा नातू बसेल. या वेळी दुकान खरे आहे, त्याने स्वतः जाऊन पाहिले. गुडघा दुखतो आहे. पीठ मंगळवारच्या गाडीने, पिशवी या खेपेस हिरवी. क्रमांक सात यांनी माझे पेन परत पाठवावे, पत्ता त्यांच्याकडे आहे. वेळेवर जेवत जा.

— लवू सखाराम घाडी, निवृत्त शाखा डाकपाल, घर क्र. ११२, वरचीवाडी, मु. पो. पांगरखोल, ता. राजापूर, जि. रत्नागिरी, पिन ४१६७९९.